सावडीतला बैल

किसनराव : घाबरू नका वयनी. कडुलिंबाच्या पाल्यानं बैलाचं अंग पुसा, कोवळा चारा हातानं भरवा. आठव्या दिवशी उठते.

विमलताई : आठव्याच दिवशी?

किसनराव : हो. पयले पाय सुजते, मंग गाठी फुटते, मंग खायाले लागते.

विमलताई : भाऊजी, ढोराचे डॉक्टर तं काल म्हणाले, गावात लम्पी पयल्यांदा माह्या कवड्यालेच झाली. मंग तुमी कोणाचा बैल उठताना पायला?

किसनराव : मोबाईलवर पायलं.

विमलताई : अन् पंधरा दिवसामागं तण काढाले डवरणी केली, तवा तुमच्या तांब्या बैलावर झूल काहून होती? पोळा तं लांब होता.

किसनराव : सांगतलं ना तवाच. माशा लागून राह्यल्या होत्या.

विमलताई : कवड्या त्याच जुवाले होता, उघडा. त्याले नोत्या लागत माशा? डॉक्टर म्हणे, माशीच हा रोग एकाचा दुसऱ्याले देते.

(विमलताई पदरानं कवड्याच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलत राहते. तिला काय ते कळून चुकलं आहे.)

किसनराव : दोनच गाठी होत्या वयनी. मले वाटलं, डास चावले.

विमलताई : डास चावले तं झाकल्या कायले?

किसनराव : तणानं कपाशीची पराटी दिसत नोती. दोन दिवसाची उघाड. सांगतलं असतं तं तुमी कवड्या दिला नसता.

विमलताई : नसताच दिला! लस टोचाले घेऊन निंगाली होती मी याले. तुमीच रस्त्यातून फिरवलं. म्हणे, सुई दिली का तीन दिवस जुवाले लावता येत नाही. दोन दिवस तुमच्या वावरात राबला हा. माह्या वावराची पाळी आली अन् पाऊस लागला. आता उघाड पडली, तं हा बसला.

किसनराव : चुकलं माहं. याले काही झालंच तं तांब्या तुमचा. आत्ता आणून बांधतो.

विमलताई : राहू द्या. आदी घरोघरी जाऊन सांगा, रोग कुठून आला ते. बाकीच्यायचे ढोरं तरी वाचतीन.

किसनराव : जातो. अन् आपली सावड? तुमचे मालक वारले तवापासून, सहा वर्षं, तुमचा एक बैल अन् माहा एक, मिळून जोडी. दोन घरं चालली त्याच्यावर.

विमलताई : सहा वर्षांत तुमच्या बैलाच्या अंगावरून मी कधी हात फिरवून पायला नाही. आता रोज गाठी हायेत का पायाव लागन. तशी सावड मले नाही जमत, भाऊजी.