मुलीच्या जन्मसालाची बाटली

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. एक कान बंद पडलेल्या शिक्षिकेने नकळत आपला चांगला कान शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे वळवला.

"तापानंतर वास गेला तो गेलाच, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा."

"चाळीस वर्षं हॉटेलच्या तळघरात वाइन जोखली. वाटलं, घरातली जुनी पोर्ट वाइन उघडली की तिचा तरी वास येईल."

"म्हणून पोरीसाठी जपलेली बाटली फोडलीत?"

"आणि हाती काय लागलं? नुसतं गोड पाणी! तू सांग, कशी होती?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं!"

"कळलं तेवढं सांग गं."

"आधी सुक्या मनुकांसारखी लागली. मग जुनं लाकडी कपाट उघडल्यासारखा वास आला."

"आणि गिळल्यावर?"

"गिळल्यावरही जाईना. निघते निघते म्हणत दारातच गप्पा मारणाऱ्या पाहुणीसारखी."

"म्हणजे छान मुरली होती."

"छानच होती हो."

शिक्षिकेचा नंबर पुकारला गेला. "तुम्ही जा आधी," असं म्हणून तिने मागच्या बाईंना पुढे धाडलं.

"रविवारी पोरीचा फोन आला की बाटली उघडली म्हणून सांगू नकोस."

"का? ती रागावणार थोडीच आहे!"

"रागावणार नाही. पण अकरा वर्षं दर फोनला म्हणते, 'बाबा, मी आले की उघडू.' तेवढं तरी म्हणू दे तिला."