कपाटातली हवा

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, क्षमा. बोल गं… नाही, झोपलो नव्हतो. तुझी ताई गेल्यापासून दुपारची झोप गेलीच… जेवलो. डाळ-भात आणि सुकटीची चटणी… मीच केली. खारट झाली, पण गेली खाली.

आणि लेक कशी आहे तुझी, मानसी?… अगं, आहे लक्षात. रविवारी साखरपुडा… शालू… हो. ताईने शब्द दिला होता तिला. मी समोरच बसलो होतो. साखरपुड्याला माझा शालू नेसायचा, म्हणाली होती… विसरलो नाही गं.

नाही काढला अजून… कपाट उघडलंच नाही… अगं ऐक ना. ऐक तरी. नाही कुठे म्हणतोय मी? आज सांगतो म्हटलं होतं, आजच सांगतो… हो. नवीन घ्यायचा तर तिला आज संध्याकाळीच दुकानात जायला हवं. कळलं मला… मग जरा ऐकशील?

मी एक मीटर आणलाय… मीटर गं. मल्टिमीटर. वायरमनकडे असतो बघ, लाल-काळ्या वायरी… नाही, कुठेच शॉक लागत नाही. हा वेगळा आहे. करंट तर बघतोच, शिवाय उष्णता, उजेड, आवाज, हवेतला दमटपणा, सगळं एकातच… डोकं ठिकाणावर आहे माझं. त्या शालूसाठीच आणलाय. म्हणून तर सांगतोय.

आमचं कपाट बघितलंयस ना तू. बाहेरच्या भिंतीला टेकून. तळमजला, आणि भिंतीपलीकडे मिठागर. पावसात भिंतीला हात लावला तर ओला होतो. म्हणून ताईने आत झिरोचा बल्ब लावून घेतला होता, साड्या कोरड्या राहाव्यात म्हणून… हां, तोच. बटण बाहेर, बोर्डावर… तर ती गेली ना, त्याच आठवड्यात मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. बटण चालू ठेवून. कोणी चुकून बंद करू नये… हो, तेव्हापासून चालूच आहे. नितेश आला होता मालाडहून. म्हणाला, बाबा, बंद कपाटात बल्ब कशाला जाळताय? ओरडलो त्याच्यावर. पोरगा न जेवता गेला… केला ना फोन नंतर. बोलतोय माझ्याशी. पण त्या कपाटाचं नाव काढत नाही.

का उघडत नाही?… कसं सांगू तुला…

ते दार शेवटचं तिने लावलंय. हॉस्पिटलात जायच्या सकाळी. गाऊन काढला, दार लावलं, किल्ली माझ्या हातात दिली. झुरळं जाऊ नयेत म्हणून कडेला रबराची पट्टी मारून घेतलीये तिने, दार घट्ट बसतं. मला वाटतं, आतली हवा तिच्या वेळची आहे. एकदा उघडलं की गेली.

क्षमा?… आहेस ना?… नाही, रडू नको तू. मी कुठे रडतोय.

तर म्हटलं, दार न उघडता आतलं कळायला पाहिजे. शालू भिजतोय की बरा आहे, एवढंच. म्हणून गेलो घाटकोपरला. एका दुकानात बरेच प्रकार होते. माणूस चांगला होता. म्हणाला, काका, दमटपणाच बघायचा तर घड्याळाएवढं यंत्र येतं, ते ठेवा. पण ते आत ठेवायला दार उघडावं लागणार, वाचायला परत उघडावं लागणार. मग त्याने साधा मीटर दाखवला, त्यात नुसता करंट. तिसरा हा. याच्याबरोबर एक बारीक वायर येते, टोकाला मण्यासारखं काहीतरी. मी म्हटलं, हाच द्या. वायर फटीतून आत सारायची आणि बाहेर बसून आकडा वाचायचा…

हो ना. मलाही तसंच वाटलं. घरी येऊन माहितीचा कागद वाचला तर त्या वायरीला फक्त उष्णता कळते. दमटपणाची भोकं मीटरच्या डोक्यावर आहेत. म्हणजे दमटपणा बघायचा तर अख्खा मीटर आत ठेवायला हवा… नाही, त्याने फसवलं नाही. मीच विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता, कपाट उघडा.

मग काय, बाकी सगळ्या घराचा दमटपणा बघून झाला. मोरी, देवघर, तांदळाचा डबा. शेजारच्या सपनाच्या कुकरच्या शिट्टीचा आवाजसुद्धा मोजला. ती म्हणाली, काका, आता आमची भांडणं मोजा… हो, हसतेस काय. एक कपाट तेवढं राहिलं.

आज सकाळी मात्र धीर केला. मागच्या बाजूला भोक आहे ना, जिथून बल्बची वायर आत जाते, त्यातून ती बारीक वायर सारली. दाराला हात लावला नाही. बाहेर एकोणतीस डिग्री. आत, एकोणतीस… अगं, बल्ब पेटलेला असता तर आत चार-पाच डिग्री तरी जास्त दाखवलं असतं. बल्ब गेलाय. कधी गेला, देव जाणे. पावसाळा अर्धा झाला आणि शालू तिथे अंधारात पडलाय.

उघडायला हवं, कळतंय मला… तेच म्हणतोय. सकाळपासून किल्ली खिशात घेऊन बसलोय. म्हटलं, तुझा फोन येईल. तू तिची बहीण आहेस. तू लाईनवर असताना उघडेन… नाही, तू यायची वाट बघितली तर परत दोन दिवस जातील. मी ओळखतो मला.

थांब. स्पीकरवर टाकतो… येतंय ऐकू?… बोर्डाजवळच आहे मी.

आता कसं करतो, फटीएवढं उघडतो, मीटर आत सारतो आणि लगेच लावतो. आतला आकडा घेऊ दे त्याला. मग बघू… फिरत नाही किल्ली. गंजली वाटतं. तू काहीतरी बोलत राहा… हां. फिरली.

सारला आत. लावलं दार.

थांबावं लागतं जरा. लगेच खरं सांगत नाही तो… अगं, तपासून घेतलाय मी. कागदावर लिहिलं होतं तसं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, दोन थेंब पाणी, आणि मीटरबरोबर पिशवीत घट्ट बांधून रात्रभर ठेवायचं. दमटपणा पंचाहत्तर टक्के यायला हवा. याने अठ्ठ्याहत्तर दाखवलं. म्हणजे तीन जास्त सांगतो… हो, घरचंच मीठ. आमच्या हवेतही मीठच आहे म्हणा.

मानसी कुठेय?… बाजूलाच? मग तिला नको ऐकवू हे. काकाला काय झालं म्हणेल… ऐकतेय?… बरं, ऐकू दे.

झालं असेल आता. उघडतो.

…

ऐंशी.

ऐंशी दाखवतोय. बाहेरही ऐंशीच होतं, तुझा फोन यायच्या आधी बघितलं होतं… अगं, तीन कमी धर नाहीतर नको धरू. आत-बाहेर एकच आहे. कळलं का तुला?… ती हवा केव्हाच गेली, क्षमा. मी दार धरून बसलो आणि ती त्या वायरीच्या भोकातून, फटीतून निघून गेली. मिठागराचीच हवा आहे आत. काल-परवाची.

… हं…

… बरा आहे मी. पलंगावर बसलो जरा. दार उघडंच आहे.

वास?… वेखंडाचा. आणि कुबट. दुसरा नाही कसला… नाही आला. मला वाटलं होतं येईल. नाही आला.

वरच्या दोन सुती साड्यांना घडीवर पांढरं आलंय. बुरशी. ती जांभळी, बाजारात नेसायची ती… टाकत नाही. धुतो. नाहीच गेली तर बघू… शालू खाली आहे. माझ्या जुन्या धोतरात गुंडाळलाय. गाठ तिच्याच हातची दिसते… सोडतो ना. धोतर ओलसर लागतंय हाताला. आत… थांब, खिडकीजवळ नेतो.

कोरडा आहे. काठाची जर काळी पडलेली नाही. डाग नाही कुठे… पदर उघडला पूर्ण. घडीवर विरलेला पण नाही. मानसी, ऐकतेस ना? चांगला आहे.

आता बल्बचं बघतो. घरात दुसरा आहे… थांब. थांब हां.

इथे बल्बच नाही… अगं, गेलेला नाही. नाहीच आहे. होल्डर रिकामा… पडला कसा असेल? काचा नाहीत कुठे. करंट तरी येतोय का बघू दे… नाही लावत हात, मीटर कशाला आणलाय मग? नॉब व्होल्टवर, लाल वायर व्होल्टच्या भोकात. शेजारच्या भोकात राहिली तर मीटर जळतो, दुकानदाराने दोनदा बजावलंय… दोनशे बत्तीस. करंट पूर्ण येतोय. बल्ब तेवढा नाही.

काय?… कोण काढायची?… दर दसऱ्याला?

मला माहीत नाही हे… साड्यांना ऊन द्यायची ते आठवतं. गच्चीवर दोरी बांधून द्यायचो मी. पण बल्ब काढून ठेवायची ते… आणि मृग लागला की परत लावायची. हां. मी पहिल्या पाळीला असायचो. घरी यायचो तेव्हा कपाट लावलेलं असायचं… एवढ्या वर्षांत सांगितलं नाही तिने. सांगण्यासारखं काय होतं त्यात, म्हणा.

म्हणजे दसऱ्याला तिने बल्ब काढला, आणि जानेवारीत गेली. मी पट्टी लावली तेव्हा होल्डर रिकामाच होता. आणि त्या रिकाम्या होल्डरसाठी पोराला उपाशी घालवला मी… हस गं, हस. ती पण हसली असती. आधी मला चार शब्द ऐकवले असते, मग हसली असती… नितेशला तू सांगू नको. मीच सांगतो. रविवारी भेटेलच.

ठेवायची कुठे मग?… पोलक्यांच्या खाली? बघतो… नाही… डाव्या खणात?… हां, काहीतरी आहे. रुमालात बांधलेलं… बल्बच आहे. रुमाल माझा आहे. हा हरवला म्हणून मी शोधत होतो.

चालतो का बघू… मीटरवर आकडा आला, म्हणजे आतली तार शाबूत आहे. तुटली असती तर आलाच नसता.

आता बटण बंद करायला हवं… पट्टी काढतोय. चिकटून बसलीये… नखाने निघतेय. थोडा रंग पण आला तिच्याबरोबर… बंद केलं.

लावतोय बल्ब… बसला.

चालू करतो.

… लागला.

… हं. लागला गं… पिवळा उजेड आहे. सगळ्या घड्या दिसतायत. किती नीट लावून ठेवल्यात तिने.

मानसीला सांग, दुकानात जायचं नाही. शालू तिचाच… आज नको येऊ. दोन दिवस पंख्याखाली पसरून ठेवतो, कुबटपणा जाऊ दे. शुक्रवारी ये आणि तिलाही आण. नेसवून बघ इथेच, आरसा मोठा आहे… मी बाहेर बसतो. चहा करतो… खारट नाही करत, ये तू.

दार लावून घेतो आता, नाहीतर बल्ब नुसता खोली गरम करत बसेल… नाही, कुलूप नाही लावत. नुसतं लोटतो. मीटर आत ठेवलाय. संध्याकाळी उघडून बघतो किती उतरलं… हो. उद्या सकाळी परत बघतो. उघडायलाच लागणार ना आता रोज.

आणि क्षमा, दसऱ्याला मला आठवण कर. बल्ब काढायचा, साड्यांना ऊन द्यायचं…

नको. नको करू. राहील माझ्या लक्षात.

ठेवतो.