आईला मी फोनवरच पटते

नाही, पण दादाचं बरंय ना! तो दुसऱ्या गावी बसून फोन करतो म्हणून तो खरा, आणि मी नोकरीवर रजा टाकून आईच्या उशाशी बसलेय म्हणून मी खोटी… तुम्हाला सांगते, स्वतःच्याच घरात तोतया म्हणून राहणं सोपं नाही, आणि मी तर घरीच आहे हो, कुठे गेलेच नाही!

झालं काय, आई पडदे काढायला स्टुलावर चढली, तोल गेला, डोकं आपटलं. दवाखान्यातून परतली ती ठणठणीत, चालणं-बोलणं, नावं-नाती सगळं जागच्या जागी. फक्त माझ्याकडे टक लावून बघत बसली आणि शांतपणे म्हणाली, "अगदी तिच्यासारखी दिसतेस. ती कुठेय?"

मला वाटलं, थट्टा. मग आठवलं, आमच्या आईला थट्टा येतच नाही.

डॉक्टरांनी डबा उघडावा तसा प्लास्टिकचा मेंदू उघडला. "घाबरू नका," म्हणाले, म्हणजे घाबरायचं असतं! "डोळ्यांनी चेहरा पाहिला, मेंदूनं ओळखला, इथवर रस्ता साफ. पण आपलं माणूस दिसलं की आत जे हलतं ना, ते या बदामाएवढ्या भागामुळे, दचकणं-घाबरणंही त्याचंच, आणि डोळ्यांकडून तिकडे जाणारी वाट तुटलीय. चेहरा तुमचा, पण आत काही हलत नाही. मग मेंदू बिचारा कारण जुळवतो, की ही दुसरीच कुणीतरी." आणि आवाज? तर म्हणे, कानाची वाट वेगळी, ती शाबूत आहे, पण चेहरा समोर असला की मेंदू डोळ्यांचंच ऐकतो. म्हणजे बघा, आपण जन्मभर आईची माया माया म्हणतो, ती एवढ्याशा पायवाटेनं ये-जा करते? आणि माझा बदाम! कुकरची शिट्टी झाली तरी मी वीतभर उडते, तो जरा कमी चालला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

तर आता मी गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरींमागे उभी राहून आईला फोन लावते. आई लगेच, "जेवलीस का गं राजा?" आणि मग आवाज खाली आणून माझ्याच चहाड्या मलाच सांगते, की इथे एक मुलगी आलीय, तुझे कपडे घालते, हनुवटीवरची खूणसुद्धा करून घेतलीय, बेल वाजली की तुझ्यासारखीच दचकते, काय तयारी केलीय पोरीनं! अगदी दाद दिल्यासारखी बोलते हो. आणि मी घरीच आहे, चादरीपलीकडे!

दादा म्हणाला, पटवून दे तिला. पटवून! लहानपणी मी कात्रीनं स्वतःचे केस कापले आणि तिनं ते डबीत जपून ठेवले, ते सांगितलं, तर आई पांढरीफटक. "हे तिनं सांगितलं तुला? काय केलंस तिचं?" म्हणजे जितकं खरं सांगावं तितकी मी भयंकर होत जाते… दुपारी झोपताना आतून दाराला खुर्ची लावते ती. खुर्ची सरकल्याचा तो आवाज मला ऑफिसातून आलेल्या फोनवर बोलतानाही ऐकू येतो.

मग माझ्या सुपीक डोक्यातून निघालं, की फोनवर बोलत बोलतच आत जायचं. गेले. "आई, आलेच हं, दारात आहे, ही बघ." आईनं वर पाहिलं. ओठांवरचं हसू तसंच विझलं, फोन तिनं हळूच मांडीवर ठेवला.

"तिचा फोन तुझ्याकडे कसा?"

मी बाथरूममध्ये जाऊन आरशात बघत राहिले. नाक, डोळे, हनुवटी, सगळं बरोबर. वाट पाहिली, आत काही हलतंय का… आणि तुम्हाला सांगते, क्षणभर काहीच हललं नाही.

भीती एकच, की आता फोनही तिला खोटा वाटला तर मी कुठेच उरत नाही. दुसऱ्या दिवशी चादरींमागे गेले, फोन लावला. आईनं उचलला. "होतीस कुठे? कालपासून वाट बघतेय." मला हुंदकाच आला, म्हटलं, आई, मी निघते, आजच घरी येते.

"ऐक," ती कुजबुजली, "घाई नको करूस. तू आलीस की हिला जा म्हणावं लागेल. वाईट नाहीये गं ती. तिला आई नसावी बहुतेक, कशी बघत असते माझ्याकडे… राहू दे थोडे दिवस. तुला चालेल ना?"

चालेल म्हटलं. डोळे पुसून आत गेले, तर आईनं सरकून पलंगावर जागा करून दिली, परक्या पोरीला देतात तशी, जरा अवघडून. बसले. तेव्हा कुणी माझी चौकशी केलीच तर सांगा, ती बाहेरगावी आहे. आईजवळ जी आहे ना, तिचं बरं चाललंय.