वरचा सा

"हॅलो? … ताई, किती वेळ लावतेस उचलायला … काय? मोठ्याने बोल … ड्रायर? म्हणजे तू पार्लरमध्ये आहेस? आज? … डोक्याला रंग लावून बसलीयस. अगं, चारला आपला कार्यक्रम आहे. … बरं, बरं, ऐक आधी. पेटी बेसूर वाजतेय."

धाकटी वाचनालयाच्या सभागृहात टेबलामागे गुडघे टेकून बसली होती, फोन खांद्याने कानाशी दाबून. टेबलावर दोन पेट्या. एक सिक्वेन्सर, म्हणजे ठरवलेले सूर एकामागून एक व्होल्टेजच्या रूपात पाठवणारी. दुसरी सिंथेसायझर, तेवढं व्होल्टेज आलं की तो सूर वाजवणारी. दोघी बहिणींनी निवृत्तीनंतर आठ महिने, दर रविवारी बसून, या पेट्यांवर बारा मिनिटांची रचना बांधली होती. लोकांसमोर ती आज पहिल्यांदा वाजायची होती. चाळीस खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि पेट्यांचं काही केल्या एकमेकींशी पटत नव्हतं.

"खालचा सा बरोबर येतो. मधला जरासा उतरलेला. वरचा तर … कसं सांगू, साखरझोपेतून उठवल्यासारखा. … हो, जितकं वर जावं तितका जास्त उतरतो. … हसू नकोस गं. … मीटर? आहे, पिशवीत. थांब."

ताईची सगळी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात गेली होती. जगातल्या कुठल्याही भांडणात ती आधी मीटर लावून बघायची.

"लावला. खालचा सा, एक व्होल्ट. मधला … दोन. वरचा तीन. अगदी काटेकोर. … सप्तकाला एक व्होल्ट, पाठ आहे गं मला. … म्हणजे सिक्वेन्सर बरोबर पाठवतोय, ही दुसरीच कमी मोजतेय. … कुणासारखी? तुझ्या जुन्या साहेबांसारखी? ताई, पार्लरमधली बाई ऐकत असेल."

"हो, हो … झाकण काढलं. दोन बारीक स्क्रू दिसतायत. … पहिला सगळेच सूर एकदम वरखाली नेतो. दुसरा सप्तकांमधलं अंतर ताणतो. … आधी पहिल्याने खालचा सा, मग दुसऱ्याने वरचा, मग परत खालचा. एकाला हात लावला की दुसरा रुसतो. कळलं. … केसभर फिरवायचं. अगं, पंचवीस वर्षं ब्लाउज शिवलेत मी, केसभर म्हणजे किती ते मला नको सांगूस."

"पण बरोबर झालं हे कळणार कसं? … हं, मीटर व्होल्ट मोजतो, सूर नाही. मग तू ऐक ना, फोन धरते स्पीकरजवळ … आलं ऐकू? … नुसता भोंगा? ड्रायर बंद करायला सांग की. … दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आहे. बरं. … मी? मी ऐकू? चेष्टा करू नकोस, ताई."

शाळेत असताना गाण्याच्या बाईंनी तिला समूहगीतात उभं केलं होतं आणि हळूच सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून ती न्हाणीघरातसुद्धा गुणगुणली नव्हती. आठ महिने सुरांचं सगळं ताईकडे होतं. धाकटीकडे वायरी आणि ताल.

"पियानो आहे कोपऱ्यात. मागच्याच आठवड्यात ट्यून केलाय म्हणे. … त्याचा वरचा सा दाबू? आणि पेटीचाही, एकदमच? … मग? … ओळखायचं नाही? नुसतं थरथरतंय का तेवढं ऐकायचं?"

तिने टेबल पियानोपाशी ओढलं, एका हाताने पट्टी दाबली आणि दुसऱ्या हाताने स्क्रूड्रायव्हर धरला.

"थरथरतंय. वाँव, वाँव, वाँव, असं. … जुळले की थांबतं? एवढंच? … फिरवते … वाँव … वाँव … … वाँव … … … ताई. थांबलं. अगदी सपाट. शिवण कुठाय ते शोधून सापडू नये, तसं. … एवढंच होतं ते? पन्नास वर्षं मला वाटत होतं की तुम्हा लोकांना काहीतरी वेगळंच ऐकू येतं."

तिला हसू आवरेना. खालचा सा, वरचा सा, पुन्हा खालचा, असे तीन फेरे तिने हसतहसतच केले.

"झालं, जुळले सगळे. … नाही, थांब. परत सुरू झालं वाँव. … मी हातसुद्धा लावला नाही गं. … पेटीला हात लावून बघू? एका अंगाने गरम, एका अंगाने गार. … पंखा. ग्रंथपाल बाईंनी पंखा लावलाय, सरळ हिच्या तोंडावर. … अहो बाई, हा पंखा जरा बंद करता? वारा सोसत नाही … मला नाही हो, पेटीला."

पंखा थांबला. झाकण लावून तिने पंधरा मिनिटं पेटीला नुसतं तापू दिलं आणि मग ते जरासं उचलून राहिलेली कसर काढली. तोवर माणसं येऊ लागली होती.

"आता हलत नाही. पाच वेळा बघितलं. … तू रडतेयस का? … हसतेयस. काय झालं? … जांभळे? सगळे? … वांग्यासारखे … थांब, थांब, मला बसू दे जरा."

ती खरोखर जमिनीवरच बसली, पोट धरून. पहिल्या रांगेतले दोघे आजोबा वाकून बघू लागले.

"परत रंगवायला किती वेळ? … दोन तास? ताई, चारला दहा मिनिटं आहेत. … पुढच्या आठवड्यावर ढकलू म्हणतेस."

तिने खुर्च्यांकडे पाहिलं. निम्म्याहून जास्त भरल्या होत्या.

"नाही. … नाही गं, माझं ऐक. आज वाजवायचं. … मी एकटीने, हो. तुझी बटणंही मीच दाबीन. चुकेन कुठेतरी, चुकू दे. … तू तशीच नीघ, जांभळी. शेवट तरी ऐकशील. … कुणी विचारलं तर मुद्दाम केलेत म्हण. … हो, तिन्ही सा जुळलेत. … नाही, मीटर केव्हाच पिशवीत ठेवला. … अगं, मला ऐकू येतंय, ताई. चल, ठेवते."