कुंपणाआतल्या मेणबत्त्या

(लिथुआनियातले एक रिकामे गाव, आता मित्रदेशांच्या फौजांचे सराव-मैदान. पितरांच्या दिवसांतली दुसरी दुपार, कुंपणाआत राहिलेल्या दफनभूमीत.)

स्कोलास्तिका : म्हणजे विझवल्या तुम्हीच.

टॉर्बेन : हो बाई, मीच. काल गस्तीवर होतो. पाहतो तर प्रत्येक थडग्यावर मेणबत्ती, आणि माणूस एक नाही. मला वाटलं, कुणीतरी विसरून गेलं.

स्कोलास्तिका : साऱ्या गावाच्या थडग्यांवर लावून कोणी विसरते का, हवालदार?

टॉर्बेन : आमच्याकडे जर्मनीत विझवूनच घराबाहेर पडतात. शिवाय इथे उघड्या ज्योतीला मनाई आहे, सगळा वाळका पाला. तुमचं जर्मन मात्र फर्डं आहे हं.

स्कोलास्तिका : शाळेत शिकवीत होते. विषय बदलू नका. ही ज्योत आम्ही फुंकत नाही. ती आपणहून विझावी लागते. काल माझ्या नवऱ्याला, क्लेमेन्सासला, तुम्ही अंधारात ठेवलेत.

टॉर्बेन : चुकलंच. पण आजही तेच करावं लागणार. अंधार पडायच्या आत फाटक बंद होतं, आणि मागे जळतं काही ठेवता येत नाही. सोबत घरचं कुणी नाही?

स्कोलास्तिका : मुलगी डब्लिनला. गावातले शहरात गेले; एकदा आले, तपासणीच्या रांगेला कंटाळले. आता सर्वांच्या मेणबत्त्या मीच आणते.

टॉर्बेन : आमच्यावर राग असेल.

स्कोलास्तिका : नाही. सीमेपलीकडच्यांना मी तुमच्याहून अधिक ओळखते. माझ्या वडिलांना त्यांनीच पकडून नेले, ते परत आलेच नाहीत. संरक्षणाचा भार सर्व मित्रदेशांनी वाटून घ्यायचा, हे मला मान्य आहे. कुणी रणगाडे दिले, तुमच्या आईने तुम्हाला दिले. मी घर दिले, विहीर दिली, सफरचंदांची बाग दिली, तीही स्वतः सही करून. थडगी दिली नव्हती.

टॉर्बेन : बाग आहे अजून. सफरचंदं खाल्ली आम्ही. आंबट होती.

स्कोलास्तिका : ती नाताळपर्यंत पेंढ्यात ठेवायची असतात. तुम्ही झाडाखालीच खाल्ली असणार.

टॉर्बेन : बाई, एक करता येईल. शेकोटीपाशी पहारा असला की आम्हाला ती चालते. माझी गस्त संपलीय. वरिष्ठांना विचारतो आणि थांबतो इथे.

स्कोलास्तिका : मोठ्या मेणबत्त्या आहेत. रात्र होईल.

टॉर्बेन : बराकीत तरी कोण वाट बघतंय?

स्कोलास्तिका : हा थर्मास ठेवा. चहा आहे.

टॉर्बेन : उभं राहून काही म्हणायचं असतं का?

स्कोलास्तिका : पूर्वी इथे पाय ठेवायला जागा नसे. गप्पांतच वेळ जाई.

टॉर्बेन : मी एकटा काय बोलणार?

स्कोलास्तिका : नको बोलूस. क्लेमेन्सासला बडबड आवडत नसे. त्याच्या उजव्या बाजूने वारा येतो. तिकडे जरा ज्योतीला आडोसा करून उभा राहा.