सातव्या पायरीवर जोर!

...नाही, पण तुम्हीच सांगा, कानाच्या डॉक्टरला कानाचा डॉक्टर म्हणायला काय होतं? पण नाही! आमचे होणारे व्याही स्पॅनिश, कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि त्यांच्या भाषेत या डॉक्टरला म्हणतात... थांबा, श्वास घेतो... ओतोरीनोलारिनगोलोगो! मी आपला सोयीनं 'तो कानवाला' म्हणायचो, तर एक दिवस लेक डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "बाबा, तुम्हाला हे लग्नच पसंत नाही, म्हणून असं म्हणता!" काळजाला लागलं हो. म्हटलं, हा शब्द तोंडात बसला नाही, तर सुतार म्हणून नाव लावणार नाही!

लेकीनं तुकडे पाडून दिले. ओ, तो, री, नो, ला, रिन, गो, लो, गो. आणि म्हणे, सातव्यावर जोर! आता आपल्याकडे सगळी अक्षरं सारखी, कुणाचे लाड नाहीत. इथे एकाला डोक्यावर घ्यायचं आणि बाकीच्यांनी मुकाट चालायचं! त्यात 'गो' दोन! मी हटकून शेवटच्यावर आदळायचो. "बाबा, आधीच्या 'गो'वर! आधीच्या!"

शेवटी सुताराचं डोकं चाललं. घरातला लाकडी जिना माझ्याच हातचा, पायऱ्या बरोब्बर नऊ. एकेका पायरीवर खडूनं एकेक तुकडा लिहिला आणि लागलो चढायला... ओ, तो, री, नो, ला, रिन, गोऽऽ! धाडकन पाय! सातव्या पायरीवर जोर! बायको आतून, "अहो, घर पाडताय का?" म्हटलं, घर पडो, जोर चुकता कामा नये!

आले व्याही. दारात उभे, हात पुढे. मी तोंड उघडलं... ओ, तो, री... आणि पुढे ठणठणाट! सपाट जमिनीवर शब्द येईचना! लेक टक लावून बघतेय... पण हटतो कशाला? धरला व्याह्यांचा हात, नेलं जिन्याशी आणि चढलो... ला... रिन... सातव्या पायरीवर जोर! गोऽऽ!

कडाड्! पायरी मोडली, पाय गुडघ्यापर्यंत आत! तसाच अडकून ओरडलो, "लो! गो!"

लेक रडत-हसत गळ्यात पडली. व्याह्यांनी वाकून पाय पाहिला, काहीतरी पुटपुटले. लेक म्हणाली, "बाबा, ते म्हणतात, शब्द अगदी बरोबर. पण पाय त्यांच्या हद्दीत येत नाही, हाडांचा डॉक्टर गाठा."

आता हे प्लास्टर. हाडांच्या डॉक्टरचाही शब्द आहे म्हणे, पाचच तुकडे, तिसऱ्यावर जोर. शिकलो असतो हो... पण जिना मोडलाय, आणि सुतार प्लास्टरमध्ये!