शेवटच्याने फाटक लावायचं

हॅलो?… हॅलो, कोण?… माबेल, तू होय. थांब, खिडकीशी येते, चुलीजवळ आवाज तुटतो… हां, बोल आता… नाही गं, झोपतेय कुठली. जेवून जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात तू. थोरल्या बहिणीची तुला कधी दया म्हणून आली नाही… बरं, बरं. बोल.

हो… हो, पाहिली मी फाटकाची साखळी. कुलूपही पाहिलं… काल घातली असेल, नाहीतर परवा. मी काय पहारा देत बसलेय?… कोण आलं होतं तुमच्यातलं वाटेची पाहणी करायला?… आणि फाटकापर्यंत गेला नाही? खालच्या वळणावरून साखळी बघितली आणि मागे फिरला?… माझ्याकडे तरी यायचं. पाणी गरमच असतं, मातेचा कडू चहा पाजला असता त्याला.

अगं ऐक ना… माबेल, श्वास घे. तुमचे ऐंशी सायकलवाले परवा रविवारी येणार, हे मला कळतंय. लोक्रोसाठी मका भिजत घालायचा की नाही ते मलाच ठरवायचंय. भोपळा केव्हाचा आणून ठेवलाय, पातेलं काढलंय, ते उचलताना कंबरेतून कळ आली… हो, डोन सिप्रियानोंच्या रानातून गेला नाहीत तर हमरस्त्याने जावं लागेल… हो, ट्रक असतात… वारा सुटला तर धूळही असते, हो. सगळं कळतंय गं.

नाही, मी त्यांना सांगणार नाही… 'तुझं ऐकतात' म्हणजे? ऐकतात म्हणून मी काय वाट्टेल ते सांगू? ते माझे शेजारी आहेत, माझे गडी नाहीत. दर हिवाळ्यात हेच. तुम्हाला पाणी हवं, नेलिदाला सांगा. सायकलीच्या चाकात काटे घुसले, नेलिदाला चिमटा मागा. खिळ्यांच्या बुटांनी माझी फरशी टकटक वाजवत आत या आणि विचारा, अजून लोक्रो आहे का. मी साठी ओलांडलीय, माबेल, तुम्हाला ते दिसत कसं नाही?… रागावले नाही. थकलेय. दोन्ही वेगळं असतं.

कोण म्हणालं, तुम्ही फाटक उघडं टाकलं?… मी म्हणाले?… ते म्हणाले?… मग तू कशाला वकिली करतेस?… हो, माहीत आहे तुमचा नियम. पहिल्याने उघडायचं, शेवटच्याने लावायचं. जेवताना नव्या लोकांकडून वदवून घेता, ऐकून ऐकून मलाही पाठ झालाय… गेल्याच्या गेल्या रविवारी शेवटी रोहेलियो होता. तुझा नवरा. पिवळं जाकीट घालून. झाडू म्हणता ना शेवटच्याला… हो, त्याने लावलं. स्वतःच्या हाताने. वर तार पिळून पक्कं केलं… फोटोही आहे?… असेल गं. माझ्या टेबलाशी बसून त्याने सगळ्यांना सांगितलं, आपण नसतो तर या लोकांनी सगळ्या डोंगराची फाटकं उघडी टाकली असती.

तेच तर… माबेल, तेच तर म्हणतेय मी. त्याने लावलं.

अगं, ते फाटक लावायचंच नव्हतं… नाही. हिवाळ्यात ते उघडं असतं. जूनमध्ये आपल्याकडे थंडी पडते, तेव्हापासून पाऊस येईपर्यंत. वरच्या रानातला ओढा आटतो, मग गुरं खालच्या हौदावर येतात पाण्याला. म्हणून फाटक मागे ओढून कुंपणाला बांधलेलं असतं… दोरीने, हो. रोहेलियोने आधी ती दोरी सोडली असेल, मग लावलं… कोणीतरी विसरलं असं वाटलं त्याला. वाटलं असेल. उघडं फाटक दिसलं की तुमचे हात शिवशिवतात.

नाही, डोन सिप्रियानो घरी नव्हते. डोळ्याचं ऑपरेशन होतं, शहरात भाचीकडे राहिले होते. त्यानंतरच्या बुधवारी आले, एका डोळ्याला पट्टी लावून… गुरं तिथेच उभी होती. फाटकाशी. दुसरं कुठे जाणार?… हो, ओरडत होती. मी ऐकलं. टेकडीपलीकडून आवाज येत होता, रात्री जास्तच. मला वाटलं, वासरांचं दूध तोडलंय म्हणून हंबरतायत. दर वर्षी हंबरतात. मी उशी डोक्यावर घेतली आणि झोपले… नको, मला समजावू नकोस. माझं मी बघेन.

बाकीची वाचली. एक गेली… ती म्हातारी, ठिपक्याठिपक्यांची. तुझी मुलगी तिच्या गळ्यात हात टाकून उभी राहायची, ती… तारेतून घुसायला गेली. समोर हौद दिसत होता ना… नाही गं, डॉक्टर कसला. ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

'एकच गाय' म्हणतेस… बरं. एकच गाय. तिला ते ओलेगारिया म्हणायचे. सासूचं नाव ठेवलं होतं, बायको जिवंत असताना, तिला चिडवायला. ती कणीक मळता मळता यांच्या अंगावर पीठ फेकायची, मी पाहिलंय. आता सासू नाही, बायको नाही, आणि हाक मारायला ती गायही नाही… रडू नकोस. तू रडलीस की मला गप्प बसावं लागतं आणि मला आज गप्प बसायचं नाहीये.

आणि साखळीचं ऐक. ऐकतेस?… साखळी फाटक बंद करायला नाही लावलेली. उघडं ठेवायला लावलीय… हो. फाटक मागे ओढून, खांबाला साखळीने बांधून कुलूप घातलंय, म्हणजे पुन्हा कोणी नियम पाळू नये. तुमच्या माणसाने चार पावलं पुढे जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं… हो, वाट मोकळी आहे… हो, रविवारीही. मला म्हणाले, नेलिदा, त्यांना येऊ दे, वाट कोणाची अडवायची नसते. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

…झालं? मग ठेवू म्हणतेस?… हो ना, तुझं काम झालं. ऐंशी जणांना निरोप धाडायचाय, मला मका भिजत घालायचाय… थांब, माबेल. ठेवू नकोस. माझं काम राहिलंय.

ते आल्या दिवशी माझ्याकडे आले. लाकडं टाकली, बसले, माते घेतला, नेहमीसारखे. मग विचारलं, नेलिदा, शेवटी कोण होतं?… मी म्हणाले, मला काय माहीत, मी चुलीपाशी होते… हो, खोटं बोलले. त्याच टेबलाशी बसून तुझ्या नवऱ्याने बढाई मारली होती, आणि मी म्हणाले मला माहीत नाही. तेव्हापासून रोज येतात. रोज विचारतात. त्याच शब्दांत. आणि मी रोज उठून चुलीत लाकूड सारते, लाकूड नको असलं तरी. परवा तर घर एवढं तापलं की त्यांना कोट काढावा लागला.

कळत नाही तुला. या बाजूला हिवाळ्यात दोनच धुराड्यांतून धूर निघतो, त्यांच्या आणि माझ्या. तुम्ही रविवारी येता, हसता, खाता, धुळीचे बूट झटकता आणि जाता. सोमवारी मला कोण विचारतं जिवंत आहेस का म्हणून? ते विचारतात. त्यांच्या डोळ्यात बघून मला आता साखरसुद्धा पुढे करता येत नाही. मला याचा फार त्रास होतोय, माबेल. भांड्यांचा नाही, पाठीचा नाही. याचा.

रोहेलियोला दे… झोपलाय?… अगं, त्याचा खोकला ऐकू येतोय मला. फोन मोठ्याने लावलायस ना? मघापासून ऐकतोय ना तो?… दे.

रोहेलियो… हं… हो… अरे, मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय? मुद्दाम केलं असतंस तर मी सोडलंच नसतं तुला… नाही, वाईन पाठवू नकोस. ते पीत नाहीत… गाय? तू गाय आणून देणार? तुला गाय पुढून ओळखता येते का?… तसं नाही होत रे. तू ये आणि सांग. सायकल न घेता, ते पिवळं न घालता, त्यांच्या घरी बस आणि सांग, मी होतो… उद्या काम आहे… रविवारी सगळ्यांसमोर नको… आणि पुढच्या महिन्यात पाऊस असेल, मग त्याच्या पुढच्या महिन्यात चाकं बदलायची असतील. ओळखते मी तुला, तू माझ्या बहिणीच्या लग्नालाही उशिरा आला होतास… हो, स्वतःच्याच. तेच म्हणतेय.

मी सांगू त्यांना तुझ्या वतीने?… म्हणजे तू विचारतोयस की सुटतोयस?…

थांब. ते येतायत… डोन सिप्रियानो. हातगाडीवर लाकडं घेऊन, पट्टी अजून आहे डोळ्याला. चढ आहे, मध्ये मध्ये थांबतायत… नाही, मी फोन ठेवत नाही. ऐक माझं. आता ते आत येतील, बसतील, आणि विचारतील. आज मी उठणार नाही, रोहेलियो. मला शक्यच नाही आता. तू सांग, नाहीतर मी सांगते. मी सांगितलं तर ते तुझं राहणार नाही, माझं होईल, आणि मग तू आयुष्यभर त्या फाटकातून मान खाली घालून जाशील… ओरडतील? ते कधी ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

हॅलो?… आहेस ना?… माबेलला नको देऊस. तूच बोल… देऊ?… रोहेलियो, देऊ का त्यांच्याकडे?…

…बरं. थांब तसाच.

या, डोन सिप्रियानो. तिथेच टाका, मी रचते नंतर. टोपी राहू द्या… हा फोन तुमच्यासाठी आहे… माझ्या बहिणीचा नवरा, रोहेलियो… हो, पिवळ्या जाकिटवाला. त्याला तुम्हाला काही सांगायचंय…

काय?… तुम्हाला ठाऊक होतं?… कधीपासून?… आल्या दिवसापासून? पण तुम्हाला सांगितलं कोणी?… माझ्या तोंडावरून?…

मग मला रोज का विचारत होतात?…

…मी सांगते का, ते बघत होतात.

…हो. सांगायला हवं होतं मी. पहिल्याच दिवशी… बसा ना. उभ्याने नका ऐकू.

घ्या, तो थांबलाय… उलटा धरलात. असा. हां, असा कानाला… बोल रे, रोहेलियो. ऐकतायत ते.